४०,००० छोट्या फायली, एक टार-जीझिप आणि अकरा तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला गंगापूर रोडवर एक छोटी टीम आहे. द्राक्षबागांमध्ये बसवलेल्या हवामान यंत्रांच्या नोंदी त्यांच्याकडे रोज रात्री एका टार-जीझिप फाइलमध्ये, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधून दाबलेल्या एका आर्काइव्हमध्ये येतात. आत ४०,००० छोट्या फायली असतात, प्लॉटमागे एक, प्रत्येक साधारण ३० केबीची. टीमने पायथनमध्ये स्वतः लिहिलेली लायब्ररी गावनिहाय यादी घेऊन एकेका प्लॉटची फाइल काढते आणि त्यावरून डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांचा अंदाज तयार होतो. रात्री १० ला लावलेलं काम सकाळी ९ ला संपतं. तोवर बागेत फवारणीचा ट्रॅक्टर फिरून गेलेला असतो, अंदाजाचा उपयोग उरत नाही. प्रोफायलर, म्हणजे कोडचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, सांगतो की ९७ टक्के वेळ झेडलिब या लायब्ररीच्या डीकॉम्प्रेसमध्ये, म्हणजे दाबलेला मजकूर उलगडण्यात जातो. तर विचारलंय असं: झेडलिब काढून जास्त वेगाची लायब्ररी घ्यावी, प्रोसेसरच्या आठ कोअरवर काम वाटून द्यावं, की हा भाग रस्ट या वेगवान भाषेत नव्याने लिहावा?

आज तरी तिन्हीपैकी काहीच करू नका. प्रोफायलर खोटं बोलत नाहीये. पण वेळ कुठे जातोय एवढंच तो सांगतो. तेच काम कितीदा होतंय, हे त्याच्या त्या एका ओळीतून कळत नाही आणि तुमचा सगळा आजार तिथेच आहे.

आधी साधा गुणाकार करू. ४०,००० गुणिले ३० केबी म्हणजे उलगडलेला मजकूर झाला १.२ जीबी. आजच्या साध्या मशीनवर झेडलिब सेकंदाला ४०० एमबी उलगडतं असं धरा. म्हणजे अख्खं आर्काइव्ह पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत उलगडायला ३ सेकंद लागायला हवेत. तुम्हाला लागतात ३९,६०० सेकंद. झेडलिबच्या जागी दुप्पट वेगाचं काही बसवलंत तर साडेपाच तास होतील, म्हणजे पहाटे साडेतीनला काम संपेल. फवारणीच्या आधी अंदाज मिळाला म्हणून सगळे समाधानी होतील, आणि पुढच्या हंगामात प्लॉट वाढले की परत हीच वेळ येईल. ३ सेकंदांचे ११ तास कसे झाले, हे आधी शोधायचं.

त्यासाठी टारची रचना डोळ्यांसमोर हवी. नावातच टेप आहे: टेप आर्काइव्ह. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हे आलं, ते चुंबकीय टेपवर फायली एकामागून एक लिहिण्यासाठी. ५१२ बाइटचा हेडर, मग फाइलचा मजकूर ५१२ च्या पटीत भरून, मग पुढचा हेडर. अनुक्रमणिका कुठेच नाही, ना सुरुवातीला ना शेवटी. कुठली फाइल कुठे आहे हे कळायला पहिल्या हेडरपासून उड्या मारत जावं लागतं. साध्या टारमध्ये निदान उड्या तरी मारता येतात, कारण हेडरमध्ये फाइलची लांबी लिहिलेली असते. वरून जीझिप चढवलं की तीही सोय जाते. टारच्या नजरेने फायली ४०,००० असल्या तरी जीझिपच्या नजरेने तो एकच अखंड प्रवाह असतो. जीझिपच्या डिफ्लेट या दाबण्याच्या पद्धतीत पुढचा मजकूर मागच्या ३२ केबीमधल्या मजकुराचा दाखला देऊन लिहिलेला असतो, 'एवढे बाइट मागे जा आणि तिथलेच इतके बाइट परत घे' अशा रीतीने. त्यामुळे मधूनच कुठून तरी वाचायला सुरुवात करता येत नाही. ७०० व्या एमबीवरची फाइल हवी असेल तर आधीचे ७०० एमबी उलगडून टाकून द्यावे लागतात.

आता तुमची लायब्ररी काय करते ते बघा. आर्काइव्ह एकदाच उघडून ठेवते, हे चांगलं आहे. मग प्लॉटचं नाव देते आणि टारफाइल या पायथनच्या मॉड्यूलकडून मजकूर मागते. टारफाइल त्या जागी जायला सांगतं. जागा पुढे असेल तर पायथनचं जीझिप मॉड्यूल मधलं सगळं उलगडून फेकून देतं आणि तिथे पोचतं. जागा मागे असेल तर ते फाइलच्या सुरुवातीला जातं आणि शून्यापासून परत उलगडत येतं. एरर नाही, सूचना नाही, उत्तर अगदी बरोबर मिळतं. फक्त वेळ लागतो.

आणि मागे जाणं तुमच्याकडे सारखं घडतंय, कारण आर्काइव्हमध्ये फायली यंत्राच्या नंबरप्रमाणे आहेत आणि तुमची यादी गावाप्रमाणे आहे. निफाड तालुक्यातलं एक गाव घ्या. तिथले काही प्लॉट पहिल्या वर्षी जोडलेले, काही गेल्या ऑक्टोबर छाटणीला. यंत्रांचे नंबर सगळीकडे विखुरलेले. आर्काइव्हच्या दृष्टीने तुमची यादी म्हणजे पत्ते पिसल्यासारखी आहे.

अशा पिसलेल्या क्रमात एका फाइलमागे सरासरी किती उलगडावं लागतं, याचं गणित सुंदर आहे. निम्म्या वेळा पुढची फाइल आत्ताच्या जागेच्या पुढे असते. दोन यादृच्छिक जागांमधलं सरासरी अंतर एकूण लांबीच्या एक तृतीयांश. उरलेल्या निम्म्या वेळा ती मागे असते, तेव्हा सुरुवातीपासून यावं लागतं, आणि दोन जागांमधली जी अलीकडची, तिचं सुरुवातीपासूनचं सरासरी अंतरही एक तृतीयांशच. म्हणजे पुढे जा की मागे, दर फाइलमागे सरासरी ४०० एमबी. ३० केबीसाठी ४०० एमबी! सेकंदाला ४०० एमबीच्या वेगाने दर फाइलला एक सेकंद, ४०,००० फायलींना ४०,००० सेकंद. तुमचे ११ तास म्हणजे ३९,६००. हा हिशेब इतका जुळतो तेव्हा दुसरं कारण शोधत बसायची फारशी गरज नसते. तरीही माझ्या हिशेबावर विसंबून राहू नका. मोजा.

मोजायचं ते सेकंदात नको. सेकंद मशीनप्रमाणे, दिवसाप्रमाणे बदलतात. टारफाइलला फाइलच्या नावाऐवजी उघडलेली फाइल देता येते. तिथे तुमचा एक छोटा क्लास द्या, जो आतल्या खऱ्या फाइलला विचारून बाइट पुढे देतो आणि किती बाइट दिले याची बेरीज ठेवतो. पंधरा-वीस ओळींचं काम. शेवटी त्या बेरजेला आर्काइव्हच्या डिस्कवरच्या आकाराने भागा. जो आकडा येतो त्याला मी 'फेऱ्या' म्हणतो. अख्खी फाइल कितीदा वाचली गेली ते त्यातून कळतं. १ आला तर उत्तम, २ आला तर चालेल. तुमच्याकडे १३,००० च्या आसपास यायला हवा, कारण ४०,००० चा एक तृतीयांश तेवढाच होतो. पूर्ण रात्र थांबू नका, यादीतली पहिली २०० नावं घेऊन चालवा. सत्तरच्या जवळपास फेऱ्या आल्या की निदान पक्कं.

आणखी एक युक्ती मी प्रत्येकाला सांगतो. टारफाइल उघडताना मोडमध्ये कोलनच्या जागी उभी रेघ घाला, म्हणजे 'आर कोलन जीझेड'ऐवजी 'आर पाइप जीझेड'. या मोडमध्ये टारफाइल आर्काइव्हला खरोखरच टेप समजतं. मागे जायला सांगितलं की ते मुकाट्याने मागे जात नाही, तिथल्या तिथे एरर देतं. लपून बसलेला मंदपणा पहिल्याच फाइलला ओरडून समोर येतो.

मी हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण काही वर्षांपूर्वी अंबडमधल्या एका कारखान्यासाठी काम करताना हीच वाट मी चुकीच्या टोकाकडून चाललो होतो. मशीनच्या आठवड्याभराच्या लॉगचं आर्काइव्ह, त्यातून शिफ्टचा रिपोर्ट. सकाळच्या शिफ्टला सुपरवायझर रिपोर्ट मागायचा आणि तो तयार नसायचा. वाचन हळू आहे असं समजून आम्ही वेगवान डिस्क घेतली. एका मिनिटाचाही फरक पडला नाही. शेवटी चालू प्रोसेसला एसट्रेस (प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) जोडला आणि पडदा एकाच ओळीने भरत गेला: फाइल क्रमांक ३, जागा शून्य. मग काही वाचनं, आणि परत जागा शून्य. डिस्कचा प्रश्नच नव्हता, फाइल केव्हाच मेमरीत येऊन बसली होती. प्रोसेसर बिचारा आठवडाभराचं आर्काइव्ह दर लॉगसाठी पहिल्यापासून उलगडत होता. ती ओळ पाहिल्यापासून मी कुठल्याही मंद आर्काइव्हवर आधी 'जागा शून्य' मोजतो.

आता दुरुस्ती. खरा दोष तुमच्या लायब्ररीच्या तोंडावरच आहे. तिचं फंक्शन एकावेळी एकच नाव घेतं. पुढे कुठली नावं येणार आहेत हे तिला माहीतच नसतं, त्यामुळे कितीही हुशार कोड आत घातला तरी तिला क्रम लावता येत नाही. पाथर्डी फाट्यावरून रविवार कारंजाला आधी फक्त हळद आणायला जायचं, घरी यायचं, मग जिऱ्यासाठी परत जायचं, असं चाललंय. सायकलऐवजी मोटारसायकल घेऊन हे सुटत नाही. यादी घेऊन जावं लागतं.

म्हणून लायब्ररीत दुसरं फंक्शन आणा, जे नावांची सगळी यादी एकदम घेतं आणि नाव-मजकूर अशा जोड्या आर्काइव्हच्या क्रमाने एकेक करून देत जातं. आत असं करायचं: सगळे सदस्य, म्हणजे आतल्या फायलींच्या नोंदी, एकदा मागवून घ्यायचे, ही पहिली फेरी. त्यांचा नावावरून डिक्शनरी करायचा, म्हणजे नाव दिलं की नोंद लगेच मिळते. हवी असलेली नावं त्यात शोधायची आणि मिळालेल्या नोंदी 'ऑफसेट डेटा' या गुणधर्मावर, म्हणजे मजकूर आर्काइव्हमध्ये कुठे सुरू होतो त्यावर, क्रमाने लावायच्या. मग त्या क्रमाने मजकूर काढायचा, ही दुसरी फेरी. मजकूर काढताना टारफाइलला नाव न देता ती नोंदच द्या, का ते पुढे येईल. दोन फेऱ्या म्हणजे सहा सेकंद. हेडर वाचायचा पायथनचा वेळ धरूनही काढण्याचं काम मिनिटाच्या आत बसायला हवं. गावनिहाय क्रम तुम्हाला अंदाजाच्या शेवटच्या तक्त्यातच हवा असेल, तर तो तिथे लावा. मजकूर वाचताना तो नको.

बारकावे मात्र सांभाळा, कारण घाईत केलेली दुरुस्ती इथे चुकीचं उत्तर देऊ शकते. टारमध्ये एकाच नावाची फाइल दोनदा असू शकते. जुन्या आर्काइव्हच्या शेवटी नवी प्रत जोडली की तसं होतं, आणि टारफाइलचा नियम असा की शेवटची प्रत खरी. डिक्शनरी क्रमाने भरलीत तर शेवटची प्रत आधीचीवर आपोआप बसते. पण 'नाव आधीच असेल तर सोडून दे' असं कोणी लिहिलं, तर तुम्ही कालची नोंद आजची म्हणून वापराल. दुसरं, आर्काइव्ह कसं बनवलंय त्यावर नावांच्या सुरुवातीला टिंब आणि तिरकी रेघ येऊ शकते. यादीत ती नसेल तर एकही नाव जुळणार नाही. तिसरं, आर्काइव्हमध्ये हार्डलिंक (स्वतःचा मजकूर नसलेल्या, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतील तर त्यांचं लक्ष्य टारफाइल फक्त त्या नोंदीच्या आधीच्या भागात शोधतं. म्हणून टारफाइलचं आतलं शोधकाम पॅच करून तिथे तुमचा डिक्शनरी घुसवू नका. तुमचा डिक्शनरी तुमच्या लायब्ररीत ठेवा.

आता नावाऐवजी नोंद का द्यायची ते. टारफाइल नावावरून शोधतं तेव्हा ते सदस्यांची यादी शेवटाकडून एकेक तपासत जातं. ४०,००० नावं, दरवेळी सरासरी २०,००० तपासण्या, म्हणजे ८० कोटी. ११ तासांच्या सावलीत हा एखाद-दोन मिनिटांचा खर्च तुम्हाला कधीच दिसला नसता. पहिला दोष काढलात की हाच सगळ्यात मोठा होऊन समोर येईल. त्यामुळे पहिल्या दुरुस्तीनंतर प्रोफायलर परत चालवायचाच. झिपची गोष्ट वेगळी आहे, तिथे पायथनचं मॉड्यूल नावांचा डिक्शनरी आधीच ठेवतं.

पाइप मोडमध्ये एकाच फेरीतही हे करता येईल: सदस्य येईल तसा बघायचा, हवा असेल तर तिथेच वाचून घ्यायचा. मेमरी कमी असेल तर तेच करा. तिथे 'शेवटची प्रत खरी' हा नियम तुम्हाला स्वतः पाळावा लागेल. आणि हव्या असलेल्या नावांचा सेट करा, लिस्ट नको. लिस्टमध्ये 'आहे का' असं विचारलं की त्याच ८० कोटी तपासण्या मागच्या दाराने परत येतात. लांबलचक आर्काइव्हवर टारफाइल वाचलेल्या नोंदी साठवत राहतं. पायथन ३.१३ पासून ते बंद करायला 'स्ट्रीम' नावाचा पर्याय आलाय.

दुसरे मार्गही आहेत, आणि त्यातला एक इतका साधा आहे की लोकांना तो सांगायला संकोच वाटतो: रात्री आर्काइव्ह आलं की सगळं डिस्कवर उलगडून ठेवा आणि लायब्ररी फोल्डरवर चालवा. १.२ जीबी म्हणजे काहीच नाही. तुमच्या जागी मी असतो तर आज रात्रीपुरतं हेच केलं असतं आणि लायब्ररीची दुरुस्ती शांतपणे आठवडाभरात केली असती. आर्काइव्ह बाहेरून येतं, म्हणून उलगडताना 'डेटा' हा फिल्टर द्या, म्हणजे फोल्डरच्या बाहेर लिहू पाहणारी नावं अडवली जातात. पायथन ३.१४ मध्ये तो आपोआप लागू होतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत सांगावा लागतो.

यंत्रवाल्या कंपनीला झिप पाठवायला सांगता आलं तर मागे जाण्याचा हा प्रश्न मुळातूनच जातो. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र कॉम्प्रेस होते आणि सगळ्यांची अनुक्रमणिका शेवटी असते. वाचणारा आधी शेवटाला जातो, तिथे किमान २२ बाइटची समाप्तीची नोंद शोधतो, तिच्यावरून अनुक्रमणिका आणि तिथून थेट हवी ती फाइल. क्रमाची फिकीर नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. जुन्या झिप रचनेत ६५,५३५ च्या वर नोंदी मावत नाहीत, त्यापुढे झिप-६४ लागतं. पायथनला ते येतं, समोरच्याच्या साधनाला येतं का ते आधी विचारा, कारण ४०,००० वरून ६५,००० ला पोचायला तुम्हाला फार हंगाम लागणार नाहीत. दुसरं म्हणजे आकार वाढेल. तुमची एक फाइल ३० केबीची आणि डिफ्लेटची खिडकी ३२ केबीची, म्हणजे टार-जीझिपमध्ये शेजारच्या प्लॉटची फाइल त्या खिडकीत जेमतेम मावते आणि सारखे मथळे, सारख्या तारखा फुकटात आटोपतात. झिपमध्ये प्रत्येक फाइल कोरी सुरुवात करते. आणि झिप झाली तरी ती दर फाइलसाठी नव्याने उघडू नका, प्रत्येक उघडण्यात ४०,००० नोंदींची अनुक्रमणिका पुन्हा वाचली जाते.

तिसरा मार्ग जीझिपवरच खुणा ठेवण्याचा. झेडलिबचे एक कर्ते मार्क ॲडलर यांनी झेडलिबच्या उदाहरणांमध्येच 'झेडरॅन' नावाचा कोड दिलेला आहे. दर १ एमबीला एक खूण आणि त्या जागेआधीचा ३२ केबी मजकूर जपून ठेवायचा, मग कुठेही जायला जास्तीत जास्त १ एमबीच्या आसपास उलगडावं लागतं. १.२ जीबीला सुमारे १,२०० खुणा, म्हणजे ४० एमबीच्या आत. एकच आर्काइव्ह दिवसभर वेगवेगळे लोक मागेपुढे वाचणार असतील तर हे सोनं आहे. तुमचं आर्काइव्ह रात्री एकदा वाचून संपतं, तुम्हाला एवढा खटाटोप नको.

आठ कोअरचं काय? प्रत्येक प्रोसेसने आर्काइव्ह स्वतंत्र उघडलं तर ११ तासांचे दीडेक तास होतील आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटेल. पण काम तेवढंच राहील, वीज आठ जागी जळेल. एकच उघडलेलं आर्काइव्ह अनेक थ्रेडमध्ये वाटू नका. वाचायची जागा सगळ्यांची एकच असते, एकाने ती हलवली की दुसऱ्याच्या हातात भलत्याच प्लॉटचा मजकूर येतो. चुकीच्या प्लॉटवरून डावणीचा अंदाज काढणं उशिरा काढण्यापेक्षा वाईट. रस्टबद्दल एवढंच, की हीच एकेक नाव घेणारी रचना रस्टमध्ये लिहिली तर ती रस्टमध्येही शून्यावरूनच सुरू करेल.

जुनं फंक्शन लगेच काढू नका, कुणी ना कुणी ते वापरत असेल. त्यात मागे जाण्याची मोजणी ठेवा आणि एका उघडण्यात दहाच्या वर गेली की लॉगमध्ये इशारा द्या, नव्या फंक्शनच्या नावासकट.

टेस्टही फेऱ्यांवरच लिहा. टेस्टसाठी कॉम्प्रेस न होणारा यादृच्छिक मजकूर घेऊन काही एमबीचं आर्काइव्ह बनवा. फार छोटं असेल तर मागे जाणं बफरमध्येच भागतं आणि दोष दिसत नाही. नावं उलट्या क्रमाने मागा. उलटा क्रम पिसलेल्या क्रमापेक्षाही वाईट असतो, तिथे दर फाइलमागे सरासरी निम्मं आर्काइव्ह उलगडावं लागतं. मग अट घाला की फेऱ्या ३ च्या वर जाता कामा नयेत. ही टेस्ट कुठल्याही मशीनवर सारखंच उत्तर देते. सोबत एकाच नावाच्या दोन प्रती असलेलं एक आर्काइव्ह ठेवा आणि शेवटचीच प्रत मिळते हे तपासा.

नवी लायब्ररी बसवताना पहिल्या रात्री जुनीही बाजूला चालू द्या. दोन्हीकडून निघालेल्या प्रत्येक प्लॉटच्या मजकुराचा एसएचए-२५६, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, लिहून ठेवा आणि सकाळी ९ ला जुनी संपली की ४०,००० ओळी जुळवा. एकही ओळ वेगळी निघाली तर आधी दुहेरी नावं बघा.